सरकार भाडेकरू होते तेव्हा

'खासगी' हा शब्द आपल्या सीमाभागात मराठीइतकाच कानडीतही चालतो. अलीकडे वर्तमानपत्रांत ज्या योजनांचा बोलबाला असतो त्यांना मराठीत 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' म्हणतात आणि कानडीत 'सार्वजनिक खासगी सहभागित्व'. दोन्ही भाषांतली नावे शेजारी ठेवली तर भाषांतराची गरजच उरत नाही. पण हा शब्द मुळात आला कुठून, हे पाहिले म्हणजे थोडी गंमत वाटते. होळकरांच्या राज्यात सरकारी महसुलाची 'दौलत' वेगळी असे आणि राजघराण्यातील स्त्रियांकडे चालणारी 'खासगी' वेगळी असे. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत जी देवळे, घाट नि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा पैसा या खासगीतला. इंदूरच्या मराठी घरांत हे आजही अभिमानाने सांगितले जाते. दोन खात्यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हा त्या व्यवस्थेचा कणा होता.

आजच्या भागीदारीत नेमके उलटे असते. दोन खाती एकत्र आणायची, जोखीम वाटून घ्यायची, आणि सरकारला हवी ती वास्तू खासगी पैशाने उभी करायची. रस्ता किंवा पूल असा बांधला तर टोलनाक्यावर आपल्याला ते कळते. पण ज्या कचेरीत आपण उताऱ्यासाठी नाहीतर दाखल्यासाठी रांगेत उभे राहतो ती कचेरीच अशी बांधली, तर? तिथे टोल नाही, तिकीट नाही. पैसे सरकारच भरते, तेही वर्षानुवर्षे, भाड्यासारखे. माझी सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. त्यामुळे सरकार स्वतःच्या कचेरीत भाडेकरू झाले त्या प्रयोगाचा इतिहास वाचायचा मला नाद लागला. हा प्रयोग सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो इंग्लंडात. त्याची कागदपत्रे खुली आहेत, त्यावर लेखापरीक्षकांचे सविस्तर अहवाल आहेत, आणि पुढे तिथल्या सरकारने तो स्वतःच गुंडाळला. शिकण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे अवघड.

१

प्रयोग इंग्लंडचा असला तरी कल्पना नवी नाही, आणि आपल्याला तर मुळीच नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जात. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला महाल मिळे, आणि मग तो रयतेकडून काय वसूल करतो याकडे पुण्याचे लक्ष नसे. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या पद्धतीचे दुष्परिणाम नोंदले आहेत. मक्ता, इजारा, गुत्ता हे शब्द आपल्या बोलीत अजून जिवंत आहेत. हैदराबादेकडचा माणूस ठेकेदाराला 'गुत्तेदार'च म्हणतो.

त्यानंतरचे मोठे उदाहरण रेल्वेचे. ईस्ट इंडिया कंपनीने १७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीशी करार केला. भांडवल लंडनच्या भागधारकांचे, जमीन सरकारची फुकट, आणि भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती या कराराच्या पोटी. गाडी धावली हे खरे. पण फायदा कमी पडला तर तूट सरकारने, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून, भरून द्यायची असल्यामुळे काटकसर करण्याचे कंपनीला काही कारण उरले नव्हते. हिंदुस्थान सरकारचे अर्थखाते सांभाळलेले विल्यम मॅसी यांनी १८७२ साली संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना हेच स्पष्ट सांगितले. पाच टक्के ठरलेले आहेत म्हटल्यावर पैसा विटाचुन्यात गेला काय नि हुगळीत बुडाला काय, गुंतवणूकदाराला सारखेच, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सन १८६९ च्या सुमारास सरकारने धोरण बदलून स्वतः रेल्वे बांधायला घेतली, आणि १९०० साली ही कंपनीही विकत घेतली.

या कथेतली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या विषयाला तीच महत्त्वाची आहे. कंपन्यांच्या खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी सरकारने एक पद निर्माण केले होते. त्याचे नाव 'कन्सल्टिंग इंजिनिअर'. म्हणजे सल्लागार अभियंता! बहुधा लष्करातला अभियंता या जागी असे. मार्गाची आखणी, पुलाचा नकाशा, खर्चाचा अंदाज यांना त्याची मान्यता लागे. तो सल्लागार सरकारचा पगारी नोकर होता आणि त्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार होता. तरीही खर्च आवरला नाही, कारण मूळ करारच तसा होता. पण सरकारच्या बाजूने बोलणारा जाणकार माणूस टेबलाशी हवा, ही समज दीडशे वर्षांपूर्वीही होती. पुढे या 'सल्लागार' शब्दाचा अर्थ कसा पालटत गेला, हे आता इंग्लंडात पाहू.

२

सन १९९२ च्या १२ नोव्हेंबरला ब्रिटनचे अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी शरदकालीन निवेदनात 'प्रायव्हेट फायनान्स इनिशिएटिव्ह' जाहीर केले. ब्रिटिश लोक त्याला 'पीएफआय' म्हणतात. तोवर सरकारी कामात खासगी पैसा घालायचा तर नियम कडक होते. खासगी कर्ज सरकारी कर्जापेक्षा महाग असते, तेव्हा ते घेऊन सरकारचा निव्वळ फायदा होतो हे आधी सिद्ध करा, असे १९८१ पासूनचे बंधन होते. ते सैल झाल्यावर नवी वाट मोकळी झाली. खासगी कंपन्यांच्या गटाने कर्ज काढून इमारत बांधायची किंवा दुरुस्त करायची, पंचवीस-तीस वर्षे ती राखायची, झाडलोट, दिवाबत्ती, पहारा सारे सांभाळायचे. आणि सरकारने दरसाल एक ठरीव रक्कम द्यायची. सेवेत कसूर झाली तर त्यातून कापून घ्यायचे.

वरवर पाहता यात गैर काय? उलट एक गुण फार मोठा होता. आपल्या बांधकाम खात्याची इमारत आठवा. उद्घाटन थाटात होते, आणि पाच वर्षांनी गच्ची गळू लागते. बांधणारा बिल घेऊन गेलेला असतो. देखभालीला अंदाजपत्रकात तरतूद नसते. पण जो बांधतो त्यालाच तीस वर्षे राखायचे आहे म्हटल्यावर तो गळकी गच्ची बांधील कशाला? हा युक्तिवाद खोटा नव्हता.

दुसरे कारण मात्र कुणी भाषणात सांगत नसे. सरकारने स्वतः कर्ज काढून इमारत बांधली तर ते कर्ज राष्ट्रीय कर्जाच्या वहीत चढते. खासगी कंपनीने कर्ज काढले आणि सरकार नुसते वार्षिक आकार देऊ लागले, तर त्या काळच्या जमाखर्चाच्या पद्धतीत ते बहुतेक वेळा वहीत दिसत नसे. कर्ज तेच, फेडणारा करदाताही तोच. फरक फक्त ते कुठे लिहिले आहे एवढाच. आपल्याकडे घरातला कर्ता पुरुष सोसायटीचे कर्ज लपवण्यासाठी मेहुण्याच्या नावावर उचल घेतो, तसला हा प्रकार.

सन १९९८ मध्ये तिथल्या समाजसुरक्षा खात्याने आपल्या सुमारे ७०० कचेऱ्या एका खासगी गटाकडे वीस वर्षांसाठी सोपवल्या. सन २००० च्या मे महिन्यात संरक्षण खात्याने लंडनमधल्या आपल्या मुख्य इमारतीच्या नूतनीकरणाचा तीस वर्षांचा करार केला. त्याच महिन्यात खुद्द अर्थखात्याने ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील आपल्या वास्तूचा ३५ वर्षांचा करार केला. ही वास्तू साधी नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन ब्रायडन या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून ती बांधली गेली. दुसऱ्या महायुद्धात चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाचे भूमिगत युद्धदालन तिच्याच तळघरात होते, आणि ८ मे १९४५ रोजी विजयाच्या दिवशी ते तिच्याच सज्जातून लोकांसमोर आले. अशा वास्तूत ब्रिटनचा खजिनदारच वार्षिक आकार भरून राहू लागला. नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेने आतली रचना बदलली, बंद पडलेले चौक उघडून उजेड आणला, आणि २००२ साली कर्मचारी परत आले. काम देखणे झाले, वेळेवर झाले, हे मान्य केले पाहिजे.

३

आता सल्लागारांकडे वळतो. तीस वर्षांचा असा करार करायचा तर सरकारी खात्याला काय काय ठरवावे लागते? तीस वर्षांत किती माणसे बसतील. इमारतीतली हवा किती अंशावर ठेवायची. दिवा गेला तर किती तासांत बदलायचा. महागाई वाढली तर आकार कसा वाढवायचा. व्याजाचे दर उतरले नि कंपनीने स्वस्त कर्ज घेतले तर तो नफा कुणाचा. कंपनी बुडाली तर काय. मुदत संपल्यावर इमारत कोणत्या स्थितीत परत घ्यायची. यातला एकही प्रश्न खात्यातल्या कारकुनाला किंवा सचिवाला रोजच्या कामात पडत नाही. म्हणून तीन प्रकारचे सल्लागार नेमले जातात: कायद्याचा, पैशाचा आणि बांधकामाचा. ते गरजेचा अभ्यास करतात, शक्यता तपासतात, आर्थिक कोष्टक मांडतात, जोखमीची वाटणी सुचवतात, निविदेची कागदपत्रे लिहितात, आलेल्या निविदा तपासतात आणि शेवटच्या वाटाघाटीत खात्याच्या शेजारी बसतात.

यांच्या हातातले मुख्य हत्यार म्हणजे तुलनेचा आकडा. सरकारने हेच काम स्वतः केले असते तर किती खर्च आला असता, याचा अंदाज. तो खासगी निविदेपेक्षा जास्त निघाला तर भागीदारी फायद्याची. कमी निघाला तर तोट्याची. गोम अशी की, ज्या मार्गाने जायचेच नाही त्या मार्गाचा खर्च कुणी मोजलेला नसतो. तो कल्पनेनेच काढायचा. त्यात 'सरकारी काम नेहमी वाढते' म्हणून जोखमीची भर घालायची. ही भर किती, यावर सारा निकाल फिरतो.

संरक्षण खात्याच्या इमारतीचे आकडे प्रसिद्ध आहेत. तीस वर्षांचा सगळा खर्च आजच्या किमतीत आणला तेव्हा सरकारने स्वतः केल्यास खर्च निघाला ७४ कोटी ६२ लाख पौंड, आणि खासगी करार पडला ७४ कोटी ६१ लाख पौंड. फरक एक लाख पौंडांचा! म्हणजे हजार रुपयांच्या किराण्यात तेरा-चौदा पैशांचा. तीस वर्षांपुढचा अंदाज आणि तो इतक्या बारकाईने जुळावा? ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००२ साली या व्यवहारावर अहवाल दिला तेव्हा अशा नसत्या अचूकतेवर बोट ठेवले. त्याच कार्यालयातले एक वरिष्ठ अधिकारी जेरेमी कोलमन यांनी तर त्या वर्षी अशा हिशेबांना शास्त्राचा आव आणलेली मंत्रपुटपुट ठरवले. मी स्वतः हिशेबाच्या खात्यातला. ताळेबंद पैशापैशाने जुळला की आमच्या लोकांना आनंद होतो. पण तो घडून गेलेल्या खर्चाचा. जो खर्च घडलेलाच नाही तो इतका जुळला तर तपासनिसाने पेन्सिल खाली ठेवू नये.

वटावाच्या दराची किमया याहून मोठी. पुढे द्यायच्या रकमेची आजची किंमत काढताना काही दर धरावा लागतो. तीस वर्षांनी द्यायचे शंभर रुपये सहा टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले तर ते साडेसतरा रुपयेसुद्धा भरत नाहीत. साडेतीन टक्क्यांनी आणले तर साडेपस्तीस रुपयांहून जास्त भरतात. दर जितका चढा तितके उद्याचे देणे आज हलके दिसते. आणि खासगी करारात तर सगळे देणे उद्याचेच असते! सन २००३ पर्यंत ब्रिटनमध्ये सहा टक्के दर चालत होता. त्या वर्षी अर्थखात्याने तो साडेतीन टक्के केला. त्यापूर्वी झालेले करार मात्र झाले ते झाले.

४

सल्लागार कुणाच्या बाजूचा, हा प्रश्न इथे उभा राहतो. लबाडीचा आरोप मी करीत नाही. अडचण मूळ रचनेतच आहे. ज्या कंपनीशी सरकार करार करते ती असे करार वर्षाला अनेक करते. सरकारी खाते मात्र तीस वर्षांत एकदाच करते. पहिला करार शिकेपर्यंत अधिकारी बदलून जातो, निवृत्त होतो, किंवा शिकलेली विद्या घेऊन समोरच्या बाजूला नोकरीला जातो. सल्लागार संस्था तर आज एका खात्याला सल्ला देते आणि उद्या दुसऱ्या प्रकल्पात निविदा भरणाऱ्याला. वाद्ये वाजवणारे तेच. लग्नघर तेवढे बदलते. शिवाय प्रकल्प पार पडला तर पुढचे काम मिळते. 'हा प्रकल्प करू नका' असे सांगणाऱ्याला पुढचे आमंत्रण कोण देणार?

ब्रिटनच्या सरकारने यावर उपाय काढला नाही असे नाही. सन १९९७ मध्ये अर्थखात्यात जाणकारांचे एक पथक बसवले. सन २००० मध्ये 'पार्टनरशिप्स यूके' नावाची संस्था काढली. सरकारी खात्यांना भागीदारीचा सल्ला देणाऱ्या या संस्थेत ५१ टक्के भाग खासगी कंपन्यांचे होते. भागीदारी हितावह आहे की नाही हे सांगणारा सल्लागारच भागीदारीतून जन्मलेला! हेतू चांगला असेलही. पण न्हाव्याला 'केस वाढलेत का' असे विचारण्यासारखे ते होते.

सन २००१ चे प्रकरण तर आपल्याकडच्या वगनाट्यात शोभावे. ब्रिटनच्या प्राप्तिकर आणि सीमाशुल्क खात्यांनी आपल्या सुमारे ६०० इमारती मॅपली नावाच्या गटाला वीस वर्षांच्या करारावर दिल्या. त्या गटाने इमारतींपोटी २२ कोटी पौंड दिले, आणि कर गोळा करणारी खाती स्वतःच्या कचेऱ्यांत भाडेकरू झाली. पुढच्या वर्षी बाहेर आले की इमारतींची मालकी ज्या कंपनीकडे गेली ती बर्म्युडात नोंदलेली आहे. बर्म्युडा म्हणजे कर वाचवण्याचे माहेरघर. कर चुकवणाऱ्यांच्या मागे लागणारे अधिकारी ज्या छपराखाली बसत होते ते छप्परच करमुक्त बेटावर नोंदलेले! संसदेच्या समितीने खात्याला धारेवर धरले. करारात बेकायदा असे काही नव्हते. हा प्रश्न वेळीच आणि पुरेशा जोराने विचारला गेला नव्हता, एवढेच. सल्लागारांची कोष्टके होती, कायदेशीर मते होती. पण 'आपण कोण आहोत आणि कुणाला विकतो आहोत' हा प्रश्न कोष्टकात बसत नाही. तो करार २०२१ साली मुदतीने संपला.

लेखापरीक्षण कार्यालयाने २००७ साली निविदाप्रक्रियेचा हिशेब मांडला तेव्हा असे करार पुरे व्हायला सरासरी ३४ महिने लागत असल्याचे दिसले. म्हणजे जवळजवळ तीन वर्षे वकील, हिशेबनीस आणि अभियंते यांची मीटर चालू. पुढे २०१८ च्या जानेवारीत कॅरिलियन ही मोठी ठेकेदार कंपनी दिवाळ्यात गेली, आणि अर्धवट इस्पितळे सरकारच्या गळ्यात पडली. जोखीम खासगी बाजूला दिली असे कागदावर लिहिलेले होते. पण इस्पितळ बंद पडले तर रोगी सरकारच्याच दारात येतो. त्याच महिन्यात लेखापरीक्षकांनी सगळ्या करारांची बेरीज मांडली. सातशेहून अधिक करार, सुमारे ६० अब्ज पौंडांची बांधकामे; २०१६-१७ या एका वर्षाचा आकार १०.३ अब्ज पौंड, आणि पुढे २०४० च्या दशकापर्यंत द्यायचे १९९ अब्ज पौंड. त्या आकारात नुसते कर्ज नाही, देखभाल आणि सेवाही आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही २९ ऑक्टोबर २०१८ रोजी अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी जाहीर केले की, यापुढे असा एकही नवा करार होणार नाही. छब्बीस वर्षांचा प्रयोग संपला. देणे मात्र चालू आहे.

५

आपल्याकडे ही कल्पना रस्ते, बंदरे, विमानतळ या मार्गाने आली. सन २००५-०६ च्या सुमारास केंद्राने भागीदारी प्रकल्पांच्या मंजुरीची समिती नेमली, तोट्यातल्या प्रकल्पांना अनुदान द्यायची योजना आखली, आणि अर्थखात्यात एक कक्ष उघडला. सन २००७ मध्ये सल्लागारांच्या खर्चासाठी वेगळा निधी स्थापन झाला. त्याची रचना लक्षात घेण्यासारखी होती. प्रकल्पाच्या पूर्वतयारीचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च निधीतून बिनव्याजी मिळायचा, आणि निविदा यशस्वी झाली की तो जिंकणाऱ्या कंपनीकडून वसूल व्हायचा. राज्य सरकारच्या गरीब खात्याला चांगला वकील परवडावा, हा हेतू रास्त. पण म्हणजे सल्लागाराचे पैसे शेवटी समोरच्या पक्षाच्या खिशातून येणार, आणि प्रकल्प झाला तरच येणार, हेही खरे. सन २०२२ मध्ये या योजनेला नवे रूप दिले गेले.

सन २०१५ मध्ये केंद्राने भागीदारीच्या पुनर्विचारासाठी समिती नेमली. अध्यक्ष होते डॉ. विजय केळकर. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अहवाल दिला. करार मोडण्याऐवजी जोखीम नीट वाटा, स्वतंत्र नियामक नेमा, सरकारी अधिकाऱ्याने सद्भावनेने घेतलेल्या निर्णयाला संरक्षण द्या, अशा सूचना त्यात आहेत. पण मला त्यातल्या दोन गोष्टी आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी मोलाच्या वाटतात. अगदी लहान प्रकल्पांसाठी भागीदारीचा मार्ग धरू नये, कारण कागदपत्रांचा खर्चच परवडत नाही. आणि नागरिकांना सेवा देण्याच्या जबाबदारीतून सुटका करून घेण्यासाठी सरकारने हा मार्ग वापरू नये.

इमारतींच्या बाबतीत आपल्याकडे बहुधा वेगळीच वाट धरली जाते. पैसा द्यायचा नाही, जमीन द्यायची. विकासकाने सरकारला कचेरी किंवा वसाहत बांधून द्यावी, आणि उरलेल्या मोक्याच्या जागेवर स्वतःचे बांधावे. दिल्लीत २०१३ साली उघडलेले नवे महाराष्ट्र सदन या प्रकारातले. त्यावरून पुढे आरोप, खटले, दोषमुक्ती असे बरेच झाले. त्यात मला शिरायचे नाही. हिशेबनीस म्हणून एवढेच दिसते की, या प्रकारात सारे काही जमिनीच्या मूल्यांकनावर अवलंबून असते, आणि ते करणारा पुन्हा सल्लागारच. 'सरकारला एक पैसाही न लागता इमारत' असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा जमीन हा पैसाच आहे, हे आपण विसरतो.

सरकारने स्वतःच्या पैशाने बांधले म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. आमच्या बेळगावात २०१२ साली सुवर्ण विधान सौध उभे राहिले. त्यामागच्या राजकारणाबद्दल या अंकाच्या वाचकांची मते काय असतील हे मी जाणतो. पण अधिवेशनाचे दिवस सोडले तर एवढ्या प्रचंड वास्तूचे करायचे काय, ही चर्चा मराठी नि कानडी दोन्ही घरांत सारखीच चालते. ती वास्तू सरकारी पैशाची असल्यामुळे निदान तिथे इतर कचेऱ्या हलवण्याचा निर्णय सरकार घेऊ शकते. तीस वर्षांच्या आकारावर घेतली असती, तर रिकाम्या दालनांचेही भाडे चालू राहिले असते, आणि एक भिंत हलवायची तरी कराराच्या दुरुस्तीची फी पडली असती.

६

सीमाभागातल्या वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य? माझ्या मते, इतरांपेक्षा जास्त.

भाडेपट्ट्याच्या कचेरीत जे करारात लिहिलेले असते तेवढेच मिळते. लिफ्ट किती मिनिटे बंद राहिली तर किती कापायचे, हे तिथे लिहिलेले असते. पण चौकशीच्या खिडकीवरची पाटी कोणत्या भाषांत असावी, हे लिहिले नसेल तर ती एकाच भाषेत लागेल, आणि ती बदलायची कुणी यावर दोन पक्षांत पत्रव्यवहार चालेल. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने राज्यांशी ठरवलेल्या संरक्षक तरतुदींनुसार, ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात त्यांची वस्ती १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हायला हव्यात. बेळगावच्या मराठी माणसाला ही तरतूद तोंडपाठ आहे. तशीच ती महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कानडी माणसालाही हवी. सरकारी खाते ती पाळत नसेल तर त्याला अर्ज करता येतो, आयुक्तांकडे दाद मागता येते. पण इमारत सांभाळणाऱ्या कंपनीला ती तरतूद बांधते का? करारात आली तरच. आणि करार लिहिणारा सल्लागार मुंबईत, बंगळुरात नाहीतर दिल्लीत बसलेला. आपल्या तालुक्यात दोन भाषा नांदतात हे त्याला कुणी सांगायचे?

मला भागीदारीचा विरोध नाही. बांधकाम खात्याच्या गळक्या गच्च्या मीही पाहिल्या आहेत, आणि लंडनच्या त्या जुन्या वास्तूत उजेड आला तो खासगी पैशानेच, हेही वर लिहिले आहे. ब्रिटनने धडा शिकला तो इतकाच की, सल्ला भाड्याने मिळतो, शहाणपण मात्र घरचे लागते. सल्लागार जरूर नेमावा. पण तो काय म्हणतो हे समजणारी आणि त्याला 'नाही' म्हणू शकणारी माणसे खात्यात कायम असली पाहिजेत, १८५० च्या दशकातल्या त्या सल्लागार अभियंत्यासारखी. त्यांचा पगार तीस वर्षांच्या आकारापुढे किती? अगदीच किरकोळ.

आणि आपण नागरिकांनी तालुक्याच्या नव्या कचेरीच्या कोनशिलेवर कुणाकुणाची नावे कोरली आहेत एवढेच वाचून घरी येऊ नये. जमीन कुणाच्या नावावर राहणार, वर्षाला किती द्यायचे आणि किती वर्षे, करार कोणत्या भाषेत वाचायला मिळेल, हे ग्रामसभेत, नगरपालिकेत, माहितीच्या अधिकाराच्या अर्जात विचारावे. मराठीत विचारा, कानडीत विचारा. 'खासगी' हा शब्द दोन्हीकडे एकच आहे. तो करार खासगी राहू नये, ही काळजीही दोन्ही घरांनी मिळूनच घ्यायची आहे.